पहिल्या भागाचा दरवाजा

फुकुओकात, अकराव्या मजल्यावर
सात महिने मी एकच दरवाजा रंगवतेय.
गंज. खिळे. खिळ्यांखालून ओघळलेला गंज.
डाव्या फळीवर कुणीतरी कधीतरी
गाडा आपटल्याची खूण.
जुन्या खेळात हा दरवाजा
सोळा ठिपके रुंद होता, वीस उंच,
तपकिरी, आणि उघडायला त्याला
अर्धा श्वास लागायचा.
पडदा काळा. मग लगेच नकाशा,
आणि डोंगराएवढा आपला नायक
डोंगराशेजारी उभा.

आता तो उघडत नाही.
उघडतो म्हणजे करकरतो, फट पडते,
फटीतून उजेड येतो
आणि उजेडावर अक्षरं: पुढील भागात.

बैठकीत कुरोइवासान म्हणाले,
एवढं जग एका डब्यात मावत नाही.
असेल. पूर्वी या शहरात अकरा माणसं होती,
प्रत्येकाकडे एकेक वाक्य.
आता चारशे आहेत, त्यांना गुडघे आहेत,
मासळीवालीला नवरा सोडून गेल्याची
वेगळी अठरा मिनिटांची गोष्ट आहे.
पाचा उत्तरांची कहाणी
साठा उत्तरी नेली, आणि तरी
सुफळ नाही, संपूर्ण तर नाहीच.

काल कुशिरोहून इसाओचा फोन.
माझा मोठा भाऊ. बर्फ उपसून दमलेला आवाज.
"दुसरा भाग कधी?"
सांगता येत नाही, म्हटलं, करारच तसा आहे.
"बरं, तिसरा?"
मग त्यानं बोटांवर हिशोब केला,
मला तो ऐकू येत होता:
तीन वर्षं, अधिक चार, उशीर धरून नऊ,
नात्सुहो कॉलेजात,
घराचे हप्ते तेव्हाही चालूच,
"म्हणजे शेवटचा राक्षस मारेन तेव्हा
मी एक्कावन्न."
हसला. थांबला.
"आपल्याला काय, सवयच आहे."

आहे खरी.
जुन्या खेळाच्या तीन चकत्या होत्या, डबा एक.
पहिली संपली की पडदा म्हणायचा,
कृपया दुसरी चकती घाला.
दुसरी इसाओनं मोरिझुमी नावाच्या मुलाला दिली,
दोन दिवसांसाठी, शपथेवर.
तिसऱ्या दिवशी मोरिझुमीच्या वडिलांची
मासळीच्या कारखान्यातून बदली झाली.
घराला कुलूप. पायरीवर उलटी बादली.

तो आख्खा हिवाळा आम्ही
दरवाजापर्यंत जायचो आणि परत यायचो.
शेवट घरातच होता, तिसऱ्या चकतीत,
पण मधलं हरवलेलं,
म्हणून शेवटाकडे रस्ता नव्हता.
आम्ही तिला उन्हात धरून
भिंतीवर रंग पाडायचो.
आणि रात्री, पांघरुणातून, इसाओ सांगायचा
दरवाजाबाहेर काय आहे ते.
रोज वेगळं. एकदा समुद्र.
एकदा स्टेशन, तिथे तिकिटं तपासणारे कोल्हे.
एकदा, आईवर रागावला होता तेव्हा,
काही नाही म्हणाला,
नुसतं पांढरं आहे, झोप.

खरा शेवट मी पाहिला
नोकरीच्या पहिल्या आठवड्यात, कामाचा भाग म्हणून,
शेजारी सँडविच ठेवून.
चांगला होता.
कोल्हे नव्हते.

आज सगळे गेल्यावर मी कॅमेरा
दरवाजातून आरपार नेला.
ते फक्त आम्हाला जमतं.
पलीकडे करडी जाळी, क्षितिजापर्यंत चौकोन चौकोन,
ना जमीन ना आभाळ,
आणि दरवाजाची मागची बाजू कोरी.
कोण बघणार म्हणून
कुणी रंगच दिलेला नाही.

शेवटची गाडी चुकेस्तोवर बसले.
मागच्या फळीला गंज दिला, खिळे दिले,
आणि उंबऱ्यालगत, करड्या चौकोनावर,
एक बादली ठेवली. या वेळी सुलटी.
दुसरा भाग करणारे ती काढूनही टाकतील.
इसाओला सांगितलं नाही, करारच तसा आहे.
कुरोइवासाननी विचारलंच तर म्हणेन,
राहू द्या,
बाहेर पाऊस पडतो.